राखेत ठेवलेली ओवी

मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिफीत आहे. करंगळीपेक्षाही अरुंद, तपकिरी. पण उलगडायला घेतलीत तर अंगणातून वेशीपर्यंत पुरेन. कारखान्यात माझ्या अंगावर गंजाच्या भुकटीचा बारीक लेप दिला. गंज सगळ्यांना खातो. मला मात्र गंजानेच बोलतं केलं.

अकोल्याच्या जुन्या शहरात देवमन रेडिओ दुरुस्त करायचा. एकसष्ट साली मालकाचा टेपरेकॉर्डर मागून तो मला वलगावला, बहिणीच्या घरी घेऊन आला. पंचफुला तिच्या सासूसोबत, म्हणजे तानुबाईसोबत, जात्यावर बसली होती. मांडीवर तान्ही मैना.

"ताई, म्हण वं एखादी ओवी."

"अन् तुह्या पेटीले का समजते रे माही ओवी?" पंचफुला हसली, आणि गायली. तिचा आवाज, जात्याची घरघर, बांगड्यांची किणकिण, सारं मी अंगावर घेतलं.

त्याच हिवाळ्यात पंचफुला तापानं गेली. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. तिचं म्हणून जे उरलं, ते माझ्याजवळ होतं. तानुबाईच्या तोंडून पुन्हा ओवी निघाली नाही. दळण चक्कीवर जाऊ लागलं.

देवमन मला तानुबाईकडे सोपवून गेला. जपायची वस्तू कशी जपावी, हे तिला ठाऊक होतं. तिनं गाडग्यात चुलीची राख घातली, कडुनिंबाचा पाला घातला, मधोमध मला ठेवलं आणि तोंड शेणामातीनं लिंपून टाकलं. तुरीचं बियाणं ती असंच ठेवायची. मी अंधारात पडून राहिले. राखेनं ओल धरली, आणि माझे वेढे एकमेकांना चिकटत गेले.

मैना शाळेत जाऊ लागली. एक दिवस तिनं विचारलं, "आजी, माही माय कशी बोले वं?"

तानुबाईनं गाडगं फोडलं, मला पदरात बांधलं आणि नातीला घेऊन अकोल्याची मोटार धरली.

मला पाहून देवमननं कपाळाला हात लावला. "मावशी, हे काय केलं? ह्या राखेत त साऱ्या वलगावचे दात घासून होतीन!"

"बियाण्याले राखीत कीड नाई लागत. आवाजाले काहून लागन, बाप्पा?" तानुबाई म्हणाली.

"मामा, मायचा आवाज मेला का?" मैनानं विचारलं.

देवमनची थट्टा तिथंच थांबली. "घाई केली त मरन, माय. मशीनवर आत्ता लावली त राख सारा लेप खरडून काढन. आधी पुसू."

त्यानं मला पेटत्या बल्बच्या उबेत वाळवलं. मग मैनानं माझ्या वेढ्यांची चकती धरली, आणि तो कापसाच्या मऊ पेळूनं वेढ्यामागून वेढा पुसत गेला. तुटले तिथं त्यानं चिकटपट्टी लावली. एका जागी मात्र लेपच निघून आला. ती जागा मुकी झाली ती झालीच.

शेवटी त्यानं मला यंत्रावर चढवलं. आधी घरघर. मग बांगड्या. मग ती.

*जात्याच्या घरघरी झोप लागे माझ्या बाळा,*
*मैना माझी मांडीवर…*

आणि माझी मुकी जागा आली. मैना यंत्रावर वाकली. "पुढं? मी मांडीवर, मंग पुढं काय?"

मला सांगता येत नव्हतं. पण मी आवाज घेतला त्या दिवशी जात्याचा खुंटा पंचफुलेसोबत तानुबाईनंही धरला होता. तानुबाई खाकरली. इतक्या वर्षांचा बंद गळा. आधी नुसता वारा निघाला, मग सूर.

*…बोंडात कापूस कोवळा.*

"मी?" मैना म्हणाली.

"तूच, बाई. दुसरं कोन?"

मैनानं ती ओळ म्हणून पाहिली. चुकली. आजीनं पुन्हा म्हटली.

मित्रांनो, माझ्यासारख्या फिती कोरड्या डब्यात ठेवा, राखेत नको. एकीवरचा आवाज दुसरीवर उतरवून घ्या. पण तेवढ्यावर निजू नका. घरात ओवी येणारी कुणी असेल, तर आजच तिच्यासमोर बसा आणि तिच्यामागून म्हणा. बियाणं कितीही जपलं, तरी ते पेरण्यासाठीच असतं.

परतीच्या मोटारीत मी तानुबाईच्या पदरात होते. माझ्या वरून दोन आवाज वलगावपर्यंत गात गेले.