शिट्टीनंतरची लाथ

पेणच्या कॉलेजची फुटबॉल टीम मैदानात उतरली की बघणारे लोक बॉलकडे कमी आणि पोरांच्या नडग्यांकडे जास्त बघायचे. सन चौऱ्याण्णवच्या मोसमात रोह्याच्या कॉलेजने पेणला पेणच्याच मैदानावर येऊन पाच गोल चढवले, आणि जाताना आपली तीन पोरं खांद्यावर टाकून नेली. गोल आपण खाल्ले, मार त्यांनी खाल्ला, म्हणजे फिटंफाट झाली, असं आमचे हे वीर कॅन्टीनमध्ये छाती फुगवून सांगत होते. लाज म्हणून नव्हती मेल्यांना.

मारणाऱ्यांत पहिला नंबर धनेशचा. गडबच्या शिवा म्हात्र्याचा थोरला पोरगा. टीममध्ये तो स्टॉपर, म्हणजे गोलीच्या पुढे उभं राहून येईल त्याला अडवणारा. पहिला अर्धा तास तो रेड्यासारखा पळायचा. मग दम तुटायचा, आणि दम तुटला की त्याचे पाय बॉल सोडून माणूस शोधायला लागायचे. त्या दिवशी रोह्याच्या एलियाहने त्याला एकदा उजवीकडून चकवलं, एकदा डावीकडून चकवलं, आणि तिसऱ्यांदा तर बॉल त्याच्या दोन पायांच्या मधून काढला. बघे खो खो हसले. पुढच्या वेळी धनेशने कोपर घातलं ते थेट एलियाहच्या तोंडावर. पुढचा दात तुटून गवतात पडला. मग काय, कॉर्नरचे झेंडे उपटून हाणामारी झाली. रेफ्री शिट्टी फुंकून फुंकून दमला आणि शेवटी झाडाखाली जाऊन बसला.

या प्रकाराचं खरं दुःख झालं ते सायमन सरांना. सर कॉलेजच्या लायब्ररीत. तरुणपणी मुंबईत एका गिरणीच्या टीमकडून खेळलेले, म्हणून फुटबॉल त्यांनी हौसेने मागून घेतला होता. आणि एलियाह त्यांच्या सख्ख्या बहिणीचा, रोह्याच्या नाओमीचा एकुलता एक मुलगा. बेने इस्रायली माणसं त्या पट्ट्यात फार उरली नव्हती. बाकीचे नातेवाईक केव्हाच इस्रायलला गेले. भावाला बहीण आणि बहिणीला भाऊ, एवढंच गोत राहिलं होतं. त्या भाच्याचा दात सरांच्याच टीममधल्या पोराने पाडला.

प्राचार्यांनी टीमला बोलावून खडसावलं. "परतीचा सामना रोह्याला आहे. मी स्वतः येणार आहे. कुणी मुद्दाम कुणाला मारलं तर त्याचं नाव त्याच दिवशी कॉलेजातून काढीन."

बोलताना ते बघत होते धनेशकडे.

नाव गेलं की पुढे काय, ते धनेशला माहीत होतं. बापाने त्याला आधीच बजावून ठेवलं होतं, "कालेज हाय तवर शिक. कालेज सुटला का डोलवीला. कंत्राटदाराशी बोललोय मी." चुलतभाऊ काळुराम तिथल्या कारखान्यात कंत्राटावर जात होता. शिफ्टवरून आला की ताटावर बसल्याबसल्या झोपायचा. धनेशला ते नको होतं. त्याला बी.ए. होऊन शाळेत पीटीचा मास्तर व्हायचं होतं. गळ्यात शिट्टी, अंगात पांढरा शर्ट, आणि समोर रांगेत उभी पोरं. हे स्वप्न त्याने सायमन सरांना सोडून कुणालाही सांगितलं नव्हतं. सर हसले नव्हते. म्हणाले होते, "होशील. पण आधी हात आवर." तेव्हापासून सर म्हणजे त्याचा देव होता म्हणा ना.

सरांनी सराव लावला. रोज सकाळी मैदानावर. अकरापैकी येणार चार. कुणाची एसटी चुकायची, कुणाची झोप मोडायची नाही. मैदानाच्या एका बाजूला देवीचा मांडव अजून सोडायचाच होता. तरी सर त्या चौघांना घाम फुटेस्तोवर पळवायचे. "दम नाही म्हणून मारता तुम्ही," ते ओरडायचे. "माणूस पुढे निघून जातो, तुम्हाला गाठता येत नाही, मग पाय तोडता. पळा!"

धनेश पळाला. आठवड्याभरात त्याचा दम वाढला, हे त्याचं त्यालाच कळलं. पण एक खोड काही जाईना. शिट्टी वाजल्यावर तो थांबायचा नाही.

आता याचं मूळ गडबच्या खारात, खाडीकाठच्या शेतांत. भात कापून झालं की खाडीकडची पोरं कोरड्या शेतात बॉल खेळायची, अनवाणी, कापलेल्या भाताची खुंटं तळव्यात घुसत असताना. तिथे रेफ्री कुठला आणि शिट्टी कुठली! एकच नियम होता: बॉल बांधावरून खाडीत पडेपर्यंत खेळ थांबत नाही. कुणी पडला, पडू दे. कुणाला रक्त आलं, येऊ दे. जो मध्येच थांबला त्याला वर्षभर 'बायको' म्हणून चिडवायचे. शिवा तसाच खेळला होता, त्याचा बापही तसाच. धनेशच्या डोक्याला शिट्टी कळत होती. पायांना कळत नव्हती. सर फुंकायचे, आणि हा दोन ढांगा पुढे जाऊनच उभा राहायचा.

"पुन्हा," सर म्हणायचे. "कानात शिरली की पाय जमिनीत रोवला पाहिजे. समोरचा थांबलेला असतो रे. थांबलेल्या माणसाचं अंग सैल असतं. त्याला लागलं तर मोडतं."

"जमेल सर."

"जमेल, पण वेळ लागेल. रोज आलास तर दोन महिने."

दोन महिने कुठले मिळायला? भातकापणी लागली आणि शिवाने पोराला विळा देऊन शेतात उभा केला. बापापुढे बोलायची सोय नव्हती. धनेश पुन्हा मैदानावर आला तो सामन्याच्या आदल्या दिवशी.  त्याला बाहेर बसवावं असं सरांच्या मनात आलं असणारच. पण स्टॉपर दुसरा होता कुठे? सकाळी सगळे टेम्पोत बसले आणि रोह्याला निघाले.

रोहेकर वाटच बघत होते. मैदानाच्या चारी बाजूंनी माणसं उभी. टेम्पोतून उतरताना पहिला दगड आला तो गोली विठूच्या पाठीत. खेळ सुरू झाल्यावर तर कुणी काही लपवून ठेवलंच नाही. कॉर्नरला गर्दी झाली की धनेशच्या पावलावर बुटाचे खिळे रोवले जायचे. बरगडीत कोपर बसायचं. एकाने तर तोंडावर थुंकी टाकली आणि वर हसून विचारलं, "काय रे दातपाड्या, जेवलास का?" विठूने हवेतला बॉल पकडला तेव्हा रोह्याचा एक धटिंगण गुडघा पुढे करून त्याच्यावर आदळला. विठूचं नाक फुटलं. रक्त हनुवटीवरून जर्सीत उतरलं, आणि रेफ्रीने दुसरीकडे बघितलं.

धनेशचे हात शिवशिवत होते. पूर्वीचा धनेश असता तर एव्हाना दोघे आडवे झाले असते. पण पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवात खुर्चीवर प्राचार्य बसले होते, आणि त्याला डोळ्यांपुढे डोलवीचं गेट दिसत होतं. त्याने शर्टाच्या बाहीने थुंकी पुसली आणि आपली जागा धरली. सगळा मार त्याने अंगावर घेतला, बदल्यात दिला फक्त बॉल. स्वच्छ, पायाने, माणसाला हात न लावता. सर रेषेवरून ओरडले, "शाबास धनेश!" ते ऐकून त्याला रडू येईलसं झालं.

एलियाह मात्र थुंकला नाही की मारायला आला नाही. तो खेळत होता. पुढचा दात नसल्याने हसला की लहान पोरासारखा दिसायचा. उत्तरार्धात बॉल बाहेर गेला तेव्हा त्याने धनेशला विचारलं, "आज मारत नाय तू?"

"आज नाय."

"मंग आज मजा येल."

आणि खरंच मजा आली. रोह्याने एक गोल केला, पेणने फेडला. एलियाह यायचा, धनेश अडवायचा. तो पुन्हा यायचा. एकदा दोघे एकमेकांवर आपटले आणि एलियाहने हात देऊन त्याला उठवलं. आपण मास्तर होणार, असं धनेशला त्या घटकेला अगदी खात्रीने वाटलं.

सामना संपत आला होता. मधून लांब बॉल आला आणि एलियाह त्याच्या मागे सुटला. धनेश तिरका धावला. दम होता, पाय उचलत होते, बॉल गाठता येणार होता. तेवढ्यात रेफ्रीने ऑफसाइडची शिट्टी दिली.

एलियाह थांबला. बॉलवर पाय ठेवला, मान वळवली आणि "ऑफसाइड कसला?" म्हणून हात पसरले. अंग सगळं सैल. धनेशच्या कानात शिट्टी शिरली होती. पण त्याच्या पायांपुढे गडबचं शेत होतं, आणि बॉल अजून खाडीत पडला नव्हता. दोन ढांगा टाकून तो पूर्ण वेगाने घुसला.

हाड मोडल्याचा आवाज गोलपाशी उभ्या विठूला ऐकू गेला. एलियाहची पोटरी मध्येच वाकडी झाली, जिथे माणसाला सांधाच नसतो तिथे. मोज्यातून पांढरं टोक बाहेर आलं आणि मागून रक्त. तो किंचाळला नाही. आपल्या पायाकडे बघत राहिला आणि मग एकदम ओकला.

मग रोहं मैदानात उतरलं. पहिल्या गुद्द्याने धनेश गुडघ्यांवर आला, दुसरा मानेत बसला. कुणीतरी केस धरून डोकं वर केलं आणि दुसऱ्याने तोंडावर बूट मारला. ओठ फाटून लोंबायला लागला. छत्रीची दांडी पाठीवर मोडेपर्यंत एक म्हातारा त्याला हाणत होता. धनेशने हात वर केले नाहीत. त्याची टीम टेम्पोपाशी पळाली होती. एकटा विठू फुटक्या नाकाने जवळ आला, आणि तोही शिव्या द्यायला. "शिट्टी झाल्यावर मारलास, साल्या! उभ्या माणसाला मारलास!"

सायमन सरांनी गर्दीत घुसून त्याच्यावर अंग टाकलं. दोन तडाखे त्यांनाही बसले. एलियाहला आधी पाठवून, धनेशला काखेत धरून ते दवाखान्याकडे चालत निघाले. वाटेत त्यांनी विचारलं, "शिट्टी ऐकलीस?"

"ऐकली सर. पाय थांबला नाय."

"माहीत आहे मला," सर म्हणाले. "मी तुला उतरवायलाच नको होतं."

त्या एका वाक्याने धनेशचं अर्धं दुखणं गेलं. जगात एका माणसाला खरं माहीत होतं. तो माणूस आता प्राचार्यांना सांगेल, सगळं नीट होईल.

रोह्याच्या त्या दवाखान्यात नर्स होती सरांची बहीण नाओमी. मुलाला आत टेबलावर डॉक्टरांच्या हवाली करून ती बाहेर आली तेव्हा तिचे हात मनगटापर्यंत लाल होते. डॉक्टर म्हणाले होते, मुंबईला न्यावं लागेल, पाय राहील की नाही सांगता येत नाही. समोर बाकावर फाटक्या ओठाचा पोरगा बसलेला. तिने त्याला ओळखलं. तरी हात धुतले, सुई घेतली, सुन्न करायचं इंजेक्शन दिलं आणि टाके घालायला सुरुवात केली. काम ते काम. दारात प्राचार्य उभे होते, भिंतीशी सायमन सर.

एक टाका घातला, दुसरा घातला, आणि सुईकडेच बघत ती भावाला म्हणाली, "दादा, मागल्या शनवारी घरी आलास तेव्हा काय म्हणालास? पोरं कच्ची हायत, शिट्टीला थांबत नाय, अजून शिकवायला हवीत. तुझ्याच तोंडचं हाय ना?"

तिने तिसरा टाका ओढला.

"मंग आणलीस कशाला? माझ्या पोरापुढे उभी केलीस कशाला?" तिचा आवाज चढला. "माझं दुसरं कोण हाय रे इथं?"

 नाओमीने धनेशची हनुवटी धरून तोंड वर केलं. "तू सांग. मुद्दाम मारलंस, का ह्यानं तुला शिकवलंच नाय? खरं सांग, नायतर हा ओठ असाच सोडीन."

धनेशने सरांकडे बघितलं. खरं बोलावं तर या बाईला भाऊ उरत नव्हता. खोटं बोलावं तर दारात प्राचार्य. त्याला वाटलं, आपण आळ अंगावर घेऊ. सर आहेत ना. ते लगेच पुढे होतील, म्हणतील, पोरगा मला वाचवायला खोटं बोलतोय. असं वाटलं म्हणूनच त्याला ते बोलायचा धीर आला.

"मुद्दाम मारला, सिस्टर," तो म्हणाला. "सरांनी नको म्हनून सांगितलं व्हतं."

 प्राचार्यांनी सरांना विचारलं, "खरं आहे का हे?"

सरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. एक काच पुसली, मग दुसरी. चष्मा डोळ्यांवर चढवून ते बहिणीकडे वळले आणि म्हणाले, "नाओमी, मुंबईला न्यायला गाडी बघू का मी?"

"बघ," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला राग भावावरून निघून गेलेला सगळ्यांना ऐकू आला. प्राचार्य काही न बोलता बाहेर पडले. नाव काढायला हवं होतं ते त्यांना मिळालं होतं.

एक टाका राहिला होता. इंजेक्शन उतरत आलं होतं, तिने दुसरं दिलं नाही. सुई ओठात घुसली तेव्हा धनेशच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या पाण्यातून त्याला सर व्हरांड्यातून भराभर जाताना दिसत होते, मागे वळूनही न बघता. त्याची मूठ वळली. अख्खं रोहं अंगावर आलं तेव्हाही ती वळली नव्हती.