अंबाड्यातली फांदी

विमानतळावर माझं काम एकाच प्रश्नाचं. "झाड, फांदी, बी, फळ, माती, काही आहे का बरोबर?" नऊ वर्षं हेच विचारतेय. लोक वैतागतात. एकानं तर तोंडावर विचारलं, "बाई, माझ्या एका पेरूनं तुमचा देश बुडणार आहे का?" म्हटलं, "पेरूनं नाही हो, त्यातल्या अळीनं." कीड काय पासपोर्ट दाखवून येते?

त्या सकाळी रांगेत आई होती. बाबा गेल्यावर दीड वर्षानं येत होती, कायमची. किती वाळली होती! मला भरून आलं. रांगेतल्या सगळ्यांना विचारलं, तिला मात्र हातानंच खूण केली, जा पुढे. आपल्या आईला काय विचारायचं?

दुपारी माझ्या स्वयंपाकघरात ती केस सोडायला बसली. अंबाड्यातून आधी आकडे निघाले, मग ओल्या फडक्यात गुंडाळलेली बोटभर फांदी. तिला तीन पानं.

"बाबांच्या लिंबाची," ती म्हणाली. "घर घेणारा ते झाड पाडणार आहे. म्हटलं, तुझ्या गच्चीत लावू."

माझं डोकंच फिरलं. "अगं, मी काम काय करते माहीत आहे ना तुला? आणि चोरून आणलीस?"

"चोरून कसली? ती सुकू नये म्हणून केसांत ठेवली. तू विचारलंस का मला? विचारलं असतंस तर तिथेच हातात दिली असती."

मी फांदी उजेडात धरली.

भिंग घेऊन बसले. पानाची एक बाजू पिवळट, दुसरी हिरवी, आणि देठाशी किडीची अंडी. हा रोग मी ओळखते. आमच्या गावाची लिंबं यानंच गेली. कुणीतरी हौसेनं बाहेरून एक कलम आणलं, दहा वर्षांत फळं वाकडी नि कडू झाली. औषध नाही त्याला. बाबांनी सगळी झाडं स्वतःच्या हातानं तोडली. दारातलं तेवढं तोडायला हात धजावला नाही. जाता-येता त्याचं पान चुरगाळून ते आमच्या नाकाशी धरायचे. मला ते झाड हवं होतं. नऊ वर्षं हवं होतं, खोटं कशाला सांगू?

"आई, तिथे दिली असतीस ना, तर आमच्या बंद काचघरात ठेवली असती. शेंड्याचा कणभर तुकडा घेऊन त्यातून निरोगी रोप करतात. दोनेक वर्षांनी झाड मिळालं असतं आपल्याला."

"मग आता ने की."

"न सांगता आत आलेलं थेट भट्टीत जातं."

"तर सांग ना, म्हातारीनं तिथेच दिली होती म्हणून. कोण बघायला आलंय?"

बॅगेतला नोंदीचा फॉर्म काढून पेन उचललंही मी. पण टॅक्सीतून, जिन्यातून, खालच्या काकूंच्या फुलांनी लगडलेल्या लिंबाला घासून ती फांदी वर आली होती. खोटं लिहिलं तर काकूंचं झाड तपासायला कुणीच येणार नाही. त्यांच्यानंतर शेजारच्यांचं, मग अख्ख्या गल्लीचं, आणि पुढे तर बागाच बागा. मी खरं लिहिलं. 'कोणाच्या चुकीनं?' या रकान्यात माझंच नाव.

मग साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "पिशवीत बंद करून घेऊन या. आईंना हात धुवायला सांगा." जाळायची भट्टी संध्याकाळपर्यंत चालू असणार होती.

फडकं, फांदी, आकडेसुद्धा पिशवीत घातले. एक पान आईच्या हातात राहिलं होतं, ते पिशवीत टाकताना तिनं बोटांनी चुरगाळलं. मी ओरडणार होते, पण नुसती पिशवी पुढे धरली.

पिशवीचं तोंड चिकटवलं, नळ सोडला. "ये, साबणानं स्वच्छ धू."

ती उठली नाही. दोन्ही तळवे नाकाशी धरून बसली होती.

"धुते गं," ती म्हणाली. "आधी तू इकडे ये. अजून येतोय वास."

मी नळ बंद केला.