आभार मोतीनाना मानतील

आमच्या नरडाणा सेवा क्लबाचा अध्यक्ष दरवर्षी बदलतो. सचिव बदलतो, आणि खजिनदार रुसला तर वर्षात दोनदाही बदलतो. बावीस वर्षांत बदलला नाही तो फक्त आभार मानणारा. तो मी, मोतीलाल. गाव मला मोतीनाना म्हणतं. बाजार समितीत तीस वर्षं लिलाव पुकारून मी निवृत्त झालो. मिरचीच्या ढिगाऱ्यावर उभं राहून भाव पुकारला की तो रेल्वे स्टेशनपर्यंत ऐकू जायचा, असं लोक म्हणत. थोडं वाढवूनच म्हणत, पण मी त्यांना कधी अडवलं नाही.

आता आभार प्रदर्शन म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे. सूत्रसंचालक म्हणतो, "आभार मोतीनाना मानतील," आणि लगेच खुर्च्या सरकतात. कोणी चप्पल शोधतो, कोणी पोराला हाक मारतो, कोणी सरळ ताटांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. मी माईक हातात घेतो तेव्हा माझ्यासमोर माणसांच्या पाठी असतात. एका वर्षी मी युक्ती केली. निधी जमवायला ठेवलेली लकी ड्रॉची सोडत आभारानंतर काढायला लावली. लोकांनी कूपनं शेजारच्या आजीबाईंच्या हातात दिली आणि जेवायला गेले. तेव्हापासून मी तो नाद सोडला.

तरी मी आभार मन लावून मानतो. बावीस वर्षांत माझ्याकडून एकही नाव सुटलेलं नाही. मांडवाचा चुडामण, चुलीसाठी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या ट्रॅक्टरभर आणून टाकणारा नवल, भाकऱ्या करणाऱ्या तानुबाई, सगळे माझ्या चिठ्ठीत असतात. एखादं नाव सुटलं तर गावात काय होतं, हे शेजारच्या गावच्या मंडळाला विचारा. तिथे एका ढोलवाल्याचं नाव राहिलं आणि तीन वर्षं मिरवणूक बिनढोलाची निघाली.

आमच्या क्लबाबद्दल मी थोडा फुगून बोलतो, तेवढं चालवून घ्या. गावात कोणाचा पाय मोडला, कोणाला घरी पलंगावर पडून राहायची वेळ आली, तर वॉकर, व्हीलचेअर, दवाखान्यासारखा वरखाली होणारा पलंग, वाफेचं मशीन हे सगळं आमच्या केंद्रातून मिळतं. भाडं नाही, ओळख लागत नाही, जात कोणी विचारत नाही. त्यासाठी आम्ही थंडीत भरीत पार्टी करतो आणि तिची कूपनं पार धुळ्या-शिरपूरपर्यंत खपवतो. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी कोणी ना कोणी डॉक्टर येऊन आरोग्यावर बोलतात. साखर झाली, रक्तदाब झाला, गुडघे तर चार वेळा झाले.

आणि इथेच मला एक कबुली द्यायची आहे. या बावीस वर्षांत मी एकही व्याख्यान ऐकलेलं नव्हतं. पाहुणे बोलत असताना मी पहिल्या रांगेत बसून चिठ्ठी लिहीत असायचो. कोण आलं, कोणी पाणी दिलं, हार कोणी आणला, सगळी टिपणं काढायचो. मग उठून ठणकावून सांगायचो, "पाहुण्यांनी आज जे बहुमोल मार्गदर्शन केलं..." ते कशावर केलं, हे बॅनर वाचून कळायचं.

गेल्या ऑगस्टमधल्या रविवारी धुळ्याहून डॉक्टर हेमांगी आल्या होत्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टर, वय फार तर पस्तीस, बोलणं नेमकं. मी नेहमीप्रमाणे चिठ्ठीत मान घालून बसलो होतो. दोन महिन्यांपासून माझा घसा बसलेला होता. आवाज घोगरा यायचा, मध्येच फाटायचा. बायको, म्हणजे ललिता, रोज सकाळी चहाबरोबर तेच ऐकवायची.

"दोन महिना हुई ग्यात. आवाज फाटेल शे तुमना. डाक्टरले दखाडा."

"मिरचीना खाट शे तो. निंघी जाई," असं मी म्हणायचो.

खाट म्हणजे ठसका. पण मिरचीचा बाजार सोडून मला आठ वर्षं झाली होती. विडी सोडूनही बारा वर्षं झाली होती. जेठीमध चघळून झालं, हळदीचं दूध पिऊन झालं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे ललितापुढे कबूल करण्यापेक्षा मिरचीवर ढकलणं सोपं होतं.

त्या दिवशी आभाराला उठलो. खुर्च्या सरकल्या, पाठी दिसल्या. एक माणूस मात्र जागेवरून हलला नव्हता. पाहुण्याला उठता येत नाही ना! डॉक्टर हेमांगी मान किंचित वाकडी करून माझ्याकडे बघत होत्या. मला बरं वाटलं. चला, एक तरी श्रोता मिळाला म्हणून मी आणखी जोर लावला. "बहुमोल मार्गदर्शन"वर आवाज फाटला, तो पुढे चुडामणच्या नावापर्यंत सांधला गेलाच नाही. तेवढ्यात बाई उठल्या आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काका, आवाज कधीपासून असा आहे?"

मला राग आला. आभारात पाहुण्याने बोलायचं नसतं, हा आमच्याकडचा रिवाज आहे.

"मॅडम, अजून अकरा नावं राहिली आहेत," मी म्हणालो.

"घ्या नावं. मी थांबते."

त्या खरंच थांबल्या. अकराव्या नावापर्यंत उभ्या राहून ऐकलं. मग मला मांडवाच्या कडेला घेऊन गेल्या.

"किती दिवस झाले?"

"असतील दोन महिने. मिरचीचा खाट आहे, मॅडम. जाईल आपोआप."

"काका, मी आत्ता तासभर बोलले. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल तर काय करायचं म्हणून सांगितलं?"

मी चिठ्ठीकडे बघितलं. चिठ्ठीत हारवाल्याचं नाव होतं. बॅनरकडे बघितलं, तर त्यावर नुसतं 'आपला घसा, आपला आवाज' एवढंच लिहिलेलं. तीस वर्षं भर बाजारात व्यापाऱ्यांशी भांडलेला मी, त्या पोरीसारख्या बाईसमोर मान खाली घालून उभा राहिलो. इतका शरमिंदा मी आयुष्यात झालो नव्हतो.

"उद्या सकाळी दहा वाजता धुळ्याला या," त्या म्हणाल्या. "काकूंना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि पडद्यावर मला माझा आवाज दाखवला. दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या, बोललं की जवळ येणाऱ्या. डाव्या पट्टीवर तांदळाच्या दाण्याएवढा खडबडीत डाग होता. त्याचा तुकडा काढून तपासणीला गेला. आठवड्याने बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. कॅन्सर आहे. पण अगदी सुरुवातीचा, तिथल्या तिथे आहे. लेझरने काढता येईल. जिवाची काळजी करू नका, पण पट्टीचा तुकडा जाणार, तेव्हा आवाज पूर्वीसारखा राहणार नाही.

"किती राहील?" मी विचारलं.

"घरात बोलण्याइतका."

"घरात मला कोण बोलू देतं?"

ललिता हसली नाही. तिने माझा हात धरला होता, तो एसटीत बसेपर्यंत सोडला नाही. मला मरणाची भीती कमी आणि मुकं होण्याची जास्त वाटत होती, हे आज उघड सांगतो. माझ्याकडे शेत नाही, पद नाही, शिक्षण सातवी. होता तो आवाज. तो गेला तर नरडाण्यात मोतीनाना म्हणून काय उरणार?

ऑपरेशन चांगलं झालं. नंतर पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी ताकीद होती. ललिताने माझ्या हातात पाटी दिली आणि चाळीस वर्षांचं साठलेलं सगळं बोलून घेतलं. मी लिहायला घ्यायचो तोवर ती पुढच्या विषयावर गेलेली असायची.

तिसऱ्या दिवशी क्लबाचा अध्यक्ष स्वप्नील दारात आला. एमआयडीसीत त्याचा पाइपांचा छोटा कारखाना आहे, माणूस दिलदार. त्याच्या काखेत क्लबाचं वाफेचं मशीन होतं, नंबर चार. डॉक्टरबाईंनी वाफ घ्यायला सांगितली हे त्याला कुठून कळलं कोण जाणे. त्या मशीनचं लोकार्पण झालं त्या दिवशी आभार मीच मानले होते. बावीस वर्षं मी जे इतरांच्या दारात जाताना बघितलं, ते माझ्या दारात आलं.

जानेवारीत भरीत पार्टीची पत्रिका छापायची वेळ आली. तोवर मला आवाज आला होता, पण तो कसला? कागद फाटावा तसा, चार-पाच वाक्यांनंतर आपोआप विझणारा. स्वप्नील चाचरत म्हणाला, "नाना, औंदा आभार मी मानस. तुम्ही नुस्ता मांडवमा बसा."

"पत्रिकामा मन्हं नाव छापेल शे का नही?"

"छापेल शे."

"मंग मीच मानसू."

तो गेल्यावर मी नावं मोजायला बसलो. तोंड वर करून बोलून तर बसलो होतो. पण बेचाळीस नावं आणि आवाज पाच वाक्यांचा. भर मांडवात फजिती झाली, तर लोक पुन्हा माईक हातात देणार नव्हते, आणि मी मागणारही नव्हतो.

पार्टीच्या दिवशी सकाळपासून काड्यांच्या आगीवर हिरवी वांगी भाजली जात होती. मागे लाकडी बडगीत मुसळांनी भरीत ठेचण्याचा ठेका चालला होता. बाया ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापत होत्या. प्रमुख पाहुण्या होत्या डॉक्टर हेमांगी, आणि विषय तोच, घसा. मी पहिल्या रांगेत बसलो. चिठ्ठी नाही, पेन नाही. हाताची घडी घालून मी आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं व्याख्यान ऐकलं. काय बोलतात हो त्या बाई! साधं, सोपं, मनात जाऊन बसेल असं. मी बावीस वर्षांत काय काय घालवलं, हे मला त्या एका तासात समजलं.

मग सूत्रसंचालक म्हणाला, "आभार मोतीनाना मानतील."

मी उठलो. माईक घेतला. खुर्च्यांचा आवाज येईल म्हणून वाट बघितली. तो आला नाही. क्षणभर मला वाटलं, आता कानही गेले. मान वर केली तर समोर पाठी नव्हत्या. चारशे तोंडं माझ्याकडे बघत होती. मागे भरिताचा घमघमाट सुटलेला, पोरं भुकेली, आणि एकही माणूस जागचा हलला नव्हता.

"मॅडमनी आज बहुमोल मार्गदर्शन केलं," मी म्हणालो. "आणि आज मी ते ऐकलेलं आहे."

मांडव हसला. बाईही हसल्या. मी स्वप्नीलचं नाव घेतलं, चुडामणचं घेतलं, आणि नवलच्या नावावर आवाज संपला. तोंड उघडत होतं, पण बाहेर नुसती हवा येत होती. नवल चौथ्या रांगेत ताठ बसून वाट बघत होता.

लिलावात बोली लावणारा व्यापारी तोंड उघडत नाही. नुसती भुवई हलवतो, नाहीतर बोट उचलतो, आणि पुकारणाऱ्याला ते शंभर माणसांत दिसावं लागतं. तीस वर्षं मी माणसं नजरेनेच टिपली होती. आवाज गेला तरी ती नजर शाबूत होती. मी माईक खाली ठेवला. नवलच्या डोळ्यांत बघितलं आणि हात जोडले. नवल उभा राहिला, त्याने हात जोडले आणि बसला. मग पाणी वाटणारा प्रेमराज. मग कूपनं खपवणारी दिपमाला. मग चुलीजवळ पीठभरल्या हातांनी उभ्या असलेल्या तानुबाई. एकेक करत मी मांडवभर फिरलो. ज्याच्याकडे वळलो तो उभा राहिला. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी कुजबुजलं नाही. बेचाळीस नावं मी अशी पुरी केली, आणि चिठ्ठी नसूनही एकही सुटलं नाही.

सुटलं नाही असं मी म्हणतो, पण एक नाव बावीस वर्षं सुटत आलं होतं. ते चिठ्ठीत 'महिला मंडळ' या दोन शब्दांत जायचं. ती मागे बडगीजवळ उभी होती, हातात मुसळ घेऊन. मी तिच्याकडे वळलो आणि हात जोडले. चारशे माणसांसमोर. या गावात, या माणसांत, या बाईबरोबर जगलो, याचा इतका अभिमान मला उभ्या आयुष्यात कधी वाटला नव्हता.

ललिताने पदराने डोळे पुसले, धूर गेल्यासारखे. मग मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुरं करा आते. भरीत थंड हुई राहिनं. बठ्ठा लोके भुक्या बसेल शेतस."

तेव्हा कुठे खुर्च्या सरकल्या.