प्रार्थनेच्या वेळी दाराबाहेर

मी बाक बोलतोय. वर्गातला नव्हे, वर्गाबाहेरचा. बोलावं की नको, हे ठरवण्यातच साठ वर्षं गेली. ऐकलेलं सगळं आठवतं. त्याचा अर्थ मी बरोबर लावला का, याची मात्र आजही खात्री नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या एका कोळशाच्या गावात सुतारानं मला ओकच्या लाकडातून घडवलं आणि सरकारी शाळेनं मला सहावीच्या दाराबाहेर ठेवलं. खोडी काढणाऱ्यानं माझ्यावर येऊन बसायचं. उपमुख्याध्यापक डॉब्स रोज सकाळी फेरी मारत आणि जो माझ्यावर दिसेल त्याच्या नावापुढे वहीत फुली करत. गैरवर्तनाची फुली.

१९६२च्या सप्टेंबरात डीलिया हॅस्केल आली. अकरा वर्षांची. घंटा झाली, बाईंनी बायबल उघडलं आणि ही एकटी बाहेर येऊन माझ्यावर बसली. आत वाचन झालं, प्रार्थना झाली, मग ती परत आत गेली. तिचे वडील ऑरिन रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांचा देवावर विश्वास नव्हता. वडिलांची चिठ्ठी असली की मुलाला प्रार्थनेतून सूट मिळे. बसायला जागा मात्र माझ्याखेरीज दुसरी नव्हती.

"काय गं, देवानं हाकललं वाटतं तुला?" उशिरा आलेली पेगी एकदा खिदळली.

"छे गं, आमची अजून ओळखच नाही झाली," डीलिया म्हणाली. पेगी आत गेल्यावर तिनं माझी कड घट्ट धरली.

तिला हवा होता पांढरा पट्टा. तो छातीवरून तिरका बांधून मोठी मुलं रस्त्याच्या वळणावर उभी राहत आणि लहानग्यांना पार करून देत. ऑक्टोबरात पट्टा मिळणाऱ्यांची यादी लागली. डीलियाचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरिन आले. डीलिया माझ्यावर बसली होती; ते आणि डॉब्स माझ्यापुढेच उभे राहिले.

"अहो हॅस्केल, तुमची लेक रोज या बाकावर! एवढ्या फुल्या कुणाच्याच नाहीत."

"ती तुमच्याच परवानगीनं बाहेर बसते, साहेब."

डॉब्स वहीकडे बघत राहिले. माणूस वाईट नव्हता. "लक्षातच आलं नाही हो. बाकावर कुणी दिसलं की फुली, हाताला सवयच झालीय." त्यांनी तिथल्या तिथे फुल्या खोडल्या. "नाव घालतो. पण शुक्रवारी सभागृहात पट्टे देतो ना, तेव्हा आधी प्रार्थना असते. सगळं गाव येतं. तेवढी दोन मिनिटं उभी राहील ना?"

डॉब्स गेल्यावर ऑरिन लेकीशेजारी बसले.

"उभी राहा, बाळ. मान खाली घाल आणि मनात पाढे म्हण."

"मग आजीच्या चर्चमध्ये तुम्ही का नाही म्हणत पाढे? बाहेर का थांबता?"

"मी मोठा आहे. मला सोसतं."

"बाबा, देव नाही हे तुम्हाला नक्की माहितीये?" तिनं विचारलं.

"मला तसं वाटतं. शपथेवर नाही सांगता येणार. तुला पटत असेल तर खुशाल प्रार्थना म्हण, मी रागावणार नाही. माझ्यापायी तू इथे बसतेस का, हीच धास्ती आहे मला."

"मला अजून काहीच पटलेलं नाही," डीलिया म्हणाली. "न पटताच म्हणायचं का?"

ऑरिननी तिचं दप्तर उचलून तिच्या हाती दिलं.

शुक्रवारी पॅसेजच्या टोकाचं सभागृह भरलं. आत सगळे उभे राहिल्याचा आवाज आला. येऊ नकोस, मी म्हणत होतो. पट्टा घे, मान खाली घाल, कुणाला कळणार आहे? स्वतःची कळ लाकूड सोसतं. पोरीची कळ सोसवत नव्हती.

दार उघडलं. ती आली, बसली. प्रार्थना संपली, नावं सुरू झाली. "डीलिया हॅस्केल!" ती उठली, फ्रॉक सारखा केला आणि सगळ्या गावाच्या नजरांमधून चालत आत गेली. तिची पावलं मी शेवटपर्यंत मोजली. तिच्या नावाला टाळ्या मला ऐकू आल्या नाहीत. कदाचित भिंती जाड असतील. मी स्वतःला आजही तसंच समजावतो.

पट्टा मिळाला. पुढच्या उन्हाळ्यात सर्वोच्च न्यायालयानं देशभरच्या सरकारी शाळांतली अशी प्रार्थना थांबवली. गावात पुष्कळांना वाईट वाटलं. त्यांचं दुःखही खोटं नव्हतं.

आता मी तळघरात, बॉयलरपाशी आहे. माझा लिलाव होणार म्हणतात. घेणाऱ्याला एकच विनंती: स्वयंपाकघरात ठेवा, बस थांब्यावर ठेवा, हवं तर फोडून जाळा. पण बाकीचे सगळे आत असताना एकाच मुलाला बसवायचं असेल, तर मला नेऊ नका. एकट्या मुलासाठी मी फार लांबलचक आहे.