झुंबरबाईची तीनची एसटी

अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या झुंबरबाईचा तिच्या दिराशी, भिमाजीशी, बांधावरच्या आंब्यावरून दावा चालू होता. साल एकाहत्तर. एकाच न्यायाधीशांकडे दोन कोर्टं, म्हणून साहेब अकोल्याच्या कोर्टात फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. कोर्ट अकरा ते पाच. गावाकडची शेवटची एसटी मात्र तीनला सुटायची.

झुंबरबाई पहाटे निघून अकराच्या आत हजर व्हायची. पण तिच्या दाव्याचा पुकारा व्हायचा चारनंतर. तोवर ती एसटी धरून गेलेली असायची आणि तिचे वकील माधवराव पुढची तारीख मागून घ्यायचे. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा भिमाजी त्याच गाडीत पुढच्या बाकावर, पाठ करून बसलेला.

तिसऱ्या तारखेला साहेब खुर्चीवर बसले न बसले तोच झुंबरबाई उठली. माधवरावांनी खूण केली, तिने पाहिलंच नाही.

"साहेब, तुमचं कोर्ट पाचापतुर. आमची यष्टी तीनला. मंग आमी सांगायचं कवा?"

पट्टेवाला पुढे झाला. साहेबांनी त्याला हातानेच थांबवलं.

"तुमचा विरोधी पक्षकार कुठे आहे?"

भिमाजी मागून हळूच उभा राहिला. "मी हाय साहेब. वहिनी खरं बोलती. मला बी तीच यष्टी हाय."

"म्हणजे एका गोष्टीवर तरी तुमचं एकमत आहे," साहेब म्हणाले. सगळं कोर्ट हसलं. मग त्यांनी विचारलं, "आणखी कोणाकोणाला तीनची गाडी आहे?"

अकरा हात वर झाले. एक हात साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून, पहिल्या कामासाठी आधीच येऊन उभ्या राहिलेल्याचा.

साहेबांनी कारकुनाला सांगितलं, "आजपासून लांबच्या गावांची कामं आधी. गावातल्या मंडळींना पाचपर्यंत थांबायला हरकत नाही."

गावातल्या दोन वकिलांची तोंडं उतरली. एकपर्यंत झुंबरबाईची जबानी झाली, दोनपर्यंत भिमाजीची.

स्टँडवर गर्दी होती. भिमाजीने खिडकीतून उपरणं टाकून दोन जागा धरल्या.

"बसा वहिनी. आंब्याचं काय ते साहेब बगतील."

दोन महिन्यांनी निकाल झुंबरबाईच्या बाजूने लागला. भिमाजी आठवडाभर बांधाकडे फिरकला नाही. मग तिने पाटीभर कैऱ्या पाठवल्या. त्या त्याने ठेवून घेतल्या, आणि रिकामी पाटी परत करायला स्वतः आला.