बुधवारी मी शुक्रवार दाखवला

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मोखाड्याच्या एका कॉलेजात, कॉम्प्युटरच्या खोलीतल्या कोपऱ्यात माझं टेबल आहे. नाशिकच्या एका दुकानात माझे भाग जुळवले गेले आणि कसाऱ्याच्या घाटाने जीपमधून मी इथे आलो. तेव्हा कॉम्प्युटर शिकवणाऱ्या उज्ज्वला मॅडमनी मला ओवाळलंसुद्धा होतं. पुढे नवे संगणक आले, तशी मुलं माझ्याकडे फिरकेनाशी झाली.

अपवाद फक्त वर्षाचा. ती सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची, शेवटच्या वर्षाला होती. उन्हाळ्यात तिकडच्या विहिरी आटतात आणि टँकरची वाट बघण्यात बायकांचे दिवस जातात. म्हणून वर्षाने एक वेबसाइट बनवली आणि ती माझ्यावरून चालवली. टँकरची आठवड्याची पाळी ती सोमवारी माझ्यात भरायची, आणि आज कोणत्या पाड्यावर टँकर जाणार ते मी वार बघून दाखवायचो. बायका फोनवर बघू लागल्या. कॉलेजात तिचा सत्कार झाला, आणि पुन्हा कामाला आलो म्हणून मीही सुखावलो.

त्याच सुमारास तिच्यापुढे दोन नोकऱ्या आल्या. एक नाशिकला, वेबसाइट बनवण्याची. दुसरी जव्हारला, एका संस्थेच्या दवाखान्यातले संगणक आणि नेटवर्क सांभाळण्याची.

"नाशिकच, मॅडम," वर्षा म्हणाली. "बनवलेलं लोकांना दिसतं. सांभाळलेलं कुणाला दिसतं?"

मॅडम हसल्या. "बरं. पण याचं घड्याळ चुकायला लागलंय. आतली बॅटरी बदलून टाक."

वीज नसताना वेळ लक्षात ठेवायला माझ्या पोटात बटणाएवढी बॅटरी असते. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोयही माझ्यात होती, पण ती कुणी सुरू केली नव्हती. "बदलते," असं म्हणून वर्षा वेबसाइटच्या पानाचे रंग निवडत बसली. पान सुटसुटीत दिसावं म्हणून तिने तारीख काढून टाकली. उरला फक्त एक मोठा, ठळक शब्द : 'आज'.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी संध्याकाळी वीज गेली, ती सकाळी आली. मी सुरू झालो तेव्हा माझी बॅटरी संपलेली होती. मी कित्येक वर्षं मागे गेलो होतो, आणि माझ्या हिशेबी तो शुक्रवार होता. शुक्रवारी पाळी माघीच्या पाड्याची; माघी म्हणजे माझं पान रोज सकाळी बघणारी एक बाई. मी तसं दाखवलं, रोजच्याइतक्याच ठळक अक्षरांत. मी खोटं सांगतोय हे मला कळलंही नाही.

माघीने ते वाचलं आणि पाड्यावरच्या बायकांना सांगितलं. गारव्यात खालच्या झऱ्यावर जायचं सोडून त्या हंडे घेऊन रस्त्यावर बसल्या. दुपार झाली तरी टँकर आला नाही. घरात पाण्याचा थेंब नव्हता. शेवटी भर उन्हात त्या झऱ्याकडे उतरल्या. चढताना माघीला घेरी आली, ती हंड्यासकट घसरली आणि तिचा उजवा हात मोडला.

दुसऱ्याच दिवशी बाजार होता, तेव्हा ती कॉलेजात आली. हात प्लास्टरमध्ये होता.

"पोरी, पाळी बदलली होती का गं?" तिने साधेपणाने विचारलं. "आम्ही लय वाट बघली."

वर्षाने माझं घड्याळ बघितलं आणि तिला सगळं कळलं. "नाही काकी. पाळी बरोबर होती. माझंच चुकलं. मॅडमनी सांगूनही मी लक्ष दिलं नाही. मी हे बंदच करून टाकते."

"बंद कशाला करतीस? मंग आम्ही बघायचं कुठं?" माघी म्हणाली. "नीट कर, म्हंजे झालं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. वर्षालाही तसंच वाटलं असावं. ती माझ्यासमोर बसून रडली, मग उठून तिने माझं झाकण उघडलं. बॅटरी बदलली, इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय सुरू केली आणि 'आज'च्या खाली तारीख लिहिली.

जव्हारची नोकरी घेते असं तिने सांगितलं, तेव्हा मॅडमनी विचारलं, "स्वतःला शिक्षा म्हणून घेतेस का?"

"थोडं तसंच आहे, मॅडम. पण नाशिकला गेले, तर मी पुन्हा रंगच निवडत बसेन."

आता ती जव्हारला असते आणि तिथूनही इंटरनेटवरून माझी रोज विचारपूस करते. माघी अजूनही माझं पान बघते. पण बघून झालं की वर्षाला फोन लावते : "खरंच येनार ना गं टँकर?" वर्षा प्रत्येक वेळी तपासून उत्तर देते. एकदाही वैतागत नाही.

मित्रांनो, तुम्ही काही नवं बनवाल तेव्हा मलाही आनंदच होईल. मात्र त्याच्या भरवशावर कुणी घागर घेऊन रस्त्यावर बसलं असेल, हे विसरू नका. त्याची काळजी घ्या. आणि कुणी दोनदा विचारलं, तर दोनदा सांगा. माघीचा हात अजून पुरता सरळ होत नाही.