अंत्ययात्रेची चाल

बॅंडच्या खोलीतल्या फळ्यावरचं परीक्षणाचं कात्रण रोवीनाने असं ओढलं, की टाचणी उडून ढोलामागे गेली.

"अगं, चार तारे दिलेत त्याने," बॅंडमास्तर हेडली म्हणाले. "आमच्या बॅंडला कधी अर्धाही मिळाला नाही."

"पुढचं वाचलंत?" तिने कागद दिव्याखाली धरला. "'असं वादन शिकून येत नाही, ते रक्तात असतं. चौथ्या गाण्यात तिच्या सॅक्सोफोनमधून पूर्वजांच्या बेटावरचं ऊन ओसंडतं.' ऊन म्हणे. आपली अंत्ययात्रेची चाल आहे ती. खाणीत माणूस गेला की तुम्ही वाजवता ती."

"यॉर्कशरमध्ये ऊन?" मागून ट्रॉम्बोनवाला पुटपुटला. "पडलं तर कळवा रे."

सगळे हसले. रोवीना सोडून.

तिचा हा पहिलाच आल्बम. याच खोलीत, शेगडीपाशी बसवून वडिलांनी ती चाल तिच्याकडून ओळ न् ओळ घासून घेतली होती, ओठ फुटेपर्यंत. आणि लंडनच्या त्या समीक्षकाने आल्बमच्या वेष्टनावरचा तिचा काळा चेहरा पाहून ती सगळी वर्षं फडक्याने पुसावीत तशी पुसली होती.

"उत्तर धाड त्याला," हेडली म्हणाले. "म्हणावं, चाल आमच्याकडची आहे. आणि पोरगीही."

"तेच लिहिणार आहे. डॅड, कुठल्या चॅपलमधल्या प्रार्थनेची रे ती? नाव घालते."

कथबर्ट आपल्या हॉर्नचं तोंड रुमालाने पुसत होता. पुसून झालं तरी पुसत राहिला. मग उठला आणि लेकीला दाराबाहेर घेऊन गेला.

"चॅपलमधली नाही," तो हळूच म्हणाला. "माझी आई गायची. सेंट लुसिया बेटावर, मयताच्या घरी रात्र जागवताना. इथं खाणीत आमच्यातला जिमी गेला, तेव्हा मी बॅंडमध्ये नवा होतो. ही चाल शेजारच्या गावातल्या चॅपलची म्हणून सांगितली. माझी म्हटलं असतं, तर वाजवली असती त्यांनी?"

तिच्या मुठीत कागद चुरगळला.

"म्हणजे तो खरं तेच लिहितोय?"

"तो?" कथबर्टचा आवाज पहिल्यांदाच चढला. "रक्तात म्हणे. आईच्या चापट्या खाऊन शिकलोय मी ती."

आतून हेडलींची हाक आली.

"चला, आधी आपली चालच घेऊ. रोवीना, सुरुवात तू कर. आल्बममध्ये केलीस तशी."

दोघं आत आली. तिने सॅक्सोफोन गळ्यात अडकवला, ओठांशी नेला. फुंकला मात्र नाही. वडिलांकडे बघत थांबली.

मग कथबर्टने हॉर्न उचलला.